धुक्यावर खापर फोडू नका

"सर, इथं धुकं फार आहे ना, म्हणून रात्री लिंक तुटते."

पुण्याहून आलेल्या तीन इंजिनिअरांपैकी एकाने पाचगणीतल्या माझ्या टेबलापाशी बसून हे सांगितलं आणि माझा संयम तिथेच संपला. ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ, म्हणजे तरंगलांबी साधारण ३५ सेंटीमीटर. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. असल्या थेंबांनी या लहरी अडवायच्या म्हणजे पसरणीच्या घाटात टाचणी रोवून एसटी अडवायची. ज्याने विद्युतचुंबकीय लहरींचा पेपर देऊन पदवी घेतली आहे, तो माणूस तोंड वर करून धुक्याचं नाव घेतो, कारण धुकं कोर्टात उभं राहून उलट साक्ष देत नाही.

यंत्र चांगल्या हेतूने केलेलं होतं, म्हणून राग जास्त. भिलारच्या बाजूला स्ट्रॉबेरीची शेतं आहेत. थंडीत पहाटे तापमान घसरतं. वेण्णा तलावाच्या परिसरात तर दव गोठल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. रोपाजवळचं तापमान रात्रभर मोजायचं, ते रेडिओने गेटवेला कळवायचं, आणि पारा धोक्याच्या खाली निघाला की शेतकऱ्याला उठवायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. ते रात्रीच मुकं होत होतं. मला याचा खरा धागा त्या तिघांनी दिला नाही, ज्याच्या शेतात नोड पुरले होते त्या भिलारच्या शेतकऱ्याने दिला. "आवं सायेब, दिवसा समदं बराबर येतंय. रातचं लांबचं शेत गायब हुतंय, जवळचं ऱ्हातंय." या दोन वाक्यांत अख्खं निदान होतं. जवळचं राहतं आणि लांबचं जातं, ते दिवसा नाही, रात्री. धुकं भर दुपारीही उतरतं आमच्याकडे. तेव्हा लिंक का तुटत नाही, हा प्रश्न त्या तिघांपैकी एकालाही पडला नव्हता.

मी गेटवे उघडला. सोलर, बॅटरी, बॅटरीवरून व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग कन्व्हर्टर, त्यापुढे एलडीओ रेग्युलेटर, त्यावर सिंथेसायझर चिप आणि व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजने सूर बदलणारा ऑसिलेटर. प्रत्येक चॅनेलला वेगळा रिसीव्हर, पण सगळ्यांना सूर देणारा पीएलएल, म्हणजे फेज-लॉक्ड लूप, एकच. रिसीव्हर चालू ठेवला, व्हीसीओच्या पत्र्याच्या डबीशेजारी तारेचा छोटा प्रोब धरला आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरकडे बघत बसलो. मोबाइल नेटवर्कचा मोडेम चालू असेतो चित्र स्वच्छ: मधोमध एक उंच सुळका, बाकी सपाट. मग मोडेमची वायर काढली. गेटवे रात्री हेच करतो. वीज वाचवायला मोडेम झोपवतो. काही क्षणांत सुळक्याच्या दोन्ही बाजूंना, बरोबर ४० किलोहर्ट्झ अंतरावर, दोन कान उभे राहिले. मुख्य सुरापेक्षा ४० डेसिबल खाली. वायर परत लावली, कान गेले. काढली, आले. हा खेळ मी त्यांना चार वेळा करून दाखवला. खिडकीबाहेर टेबललँडची कड लख्ख उन्हात दिसत होती.

घडत होतं ते असं. मोडेम जागा असतो तेव्हा कन्व्हर्टरवर भार असतो आणि तो ठरलेल्या ६०० किलोहर्ट्झने स्विच करतो. भार उतरला की तो पल्स-स्किपिंगमध्ये जातो: मध्येच एक दणका देतो, थांबतो, परत दणका देतो. बॅटरी वाचावी म्हणून चिप बनवणाऱ्यांनी केलेली ही सोय आहे आणि ती डेटाशीटमध्ये छापलेली आहे. या दणक्यांची वारंवारता ४० किलोहर्ट्झवर आली आणि रिपल १० मिलिव्होल्टवरून ३० मिलिव्होल्टवर गेला. व्हीसीओला स्वतःचा असा सूर नसतो. कंट्रोल पिनवर जे येईल त्याने तो सूर बदलतो आणि सप्लायवर जे येईल त्यानेही बदलतो. या दुसऱ्या दोषाला आमच्या धंद्यात पुशिंग म्हणतात. मी सप्लाय थोडा हलवून तो मोजला: व्होल्टमागे ५ मेगाहर्ट्झ.

आता हिशेब करा. ३० मिलिव्होल्ट रिपल. ४० किलोहर्ट्झला त्यांचा एलडीओ ४० डेसिबल गाळतो, म्हणजे उरला ०.३ मिलिव्होल्ट, मध्यापासून ०.१५. गुणिले ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सूर ७५० हर्ट्झने डुलतो. त्याला ४० किलोहर्ट्झने भागा, निम्मं करा, लॉगरिदम घ्या. उणे ४० डेसिबल. अ‍ॅनलायझरवर दिसत होतं तेच. कागदावर चार ओळी, वेळ पाच मिनिटं. चॅनेल ५० किलोहर्ट्झच्या अंतराने लावलेली, त्यामुळे हा कान जवळच्या नोडचा दणदणीत आवाज उचलून थेट शेजारच्या चॅनेलच्या पट्ट्यात टाकत होता. दरीपलीकडच्या नोडचा आवाज जवळच्यापेक्षा ६० डेसिबलांनी क्षीण होता. उणे ४० च्या गोंगाटाखाली उणे ६० ची हाक दबून गेली. शेतकरी म्हणाला तसंच: लांबचं गायब, जवळचं हजर.

मग मी त्यांचं मॉडेल मागितलं.

लॅपटॉपवर सुंदर चित्र उघडलं. फेज डिटेक्टर, चार्ज पंप, लूप फिल्टर, व्हीसीओ, डिव्हायडर, सगळे डबे जागच्या जागी. रेफरन्सचा नॉइज घेतलेला, चार्ज पंपाचा घेतलेला, फिल्टरमधल्या रोधकाचा उष्णतेचा नॉइजसुद्धा घेतलेला. सप्लायच्या जागी? बॅटरीचं चिन्ह आणि पुढे ३.३. कमी नाही, जास्त नाही, काळ नाही, वारंवारता नाही. जगातल्या कुठल्याही दुकानात न मिळणारी बॅटरी, जिला रोध नाही, जिच्यावर दुसऱ्या कुणाचा भार नाही. त्या बॅटरीवर त्यांनी फेज नॉइजचा आलेख काढला, डिझाइन रिव्ह्यूत दाखवला, वरिष्ठांनी मान डोलावली आणि यंत्र शेतात पुरलं गेलं.

याला मी चूक म्हणत नाही. चूक नकळत होते. ही फसवणूक आहे, आधी स्वतःची आणि मग गिऱ्हाइकाची. आलेखावर दशांशानंतर दोन आकडे छापायचे आणि ज्या एका गोष्टीने तो आलेख उलटापालटा होणार ती शून्य धरायची, याला मॉडेल म्हणू नका. आदर्श सप्लायवर तपासलेला पीएलएल हा तपासलेलाच नसतो.

"सर, एलडीओ टाकला होता की." हो, टाकला होता, आणि त्याच्या डेटाशीटच्या पहिल्या पानावर ७० डेसिबल छापलेलं होतं. त्याच ओळीत बारीक अक्षरांत १ किलोहर्ट्झ असंही होतं. आत आलेख आहे. १ किलोहर्ट्झला ७०, ४० किलोहर्ट्झला ४०, ६०० किलोहर्ट्झला जेमतेम २५. रेग्युलेटरमधला अ‍ॅम्प्लिफायर वरच्या वारंवारतेला दमतो, म्हणून गाळणंही दमतं. पहिलं पान विक्रीसाठी लिहिलेलं असतं. डिझाइनरने आतली पानं वाचायची असतात. कॅपॅसिटरची तीच कथा. १० मायक्रोफॅरड छापलेला छोटा सिरॅमिक कॅपॅसिटर व्होल्टेज चढल्यावर निम्म्यावर येऊ शकतो. त्याच्या मागे फेराइट बीड लावला की लोक निश्चिंत होतात; पण त्या दोघांचं जुळलं तर एका वारंवारतेला नॉइज गाळला जाण्याऐवजी वाढतो. हे सगळं मॉडेलमध्ये घालता येतं. घालायचं नसतं, कारण घातलं की आलेख कुरूप होतो आणि कुरूप आलेख रिव्ह्यूत दाखवायला धाडस लागतं.

यातला एक मुद्दा मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण अनुभवी म्हणवणारेही इथेच घसरतात. सप्लायमधून व्हीसीओत शिरलेला नॉइज पीएलएलच्या बाहेर कसा येतो? मंद नॉइज असेल तर लूप तो ओळखतो आणि कंट्रोल व्होल्टेज उलट दिशेने ओढून मिटवतो. फार वेगवान असेल तर व्हीसीओला डुलायला वेळच मिळत नाही. फेज म्हणजे वारंवारतेची साठवण, आणि नॉइजची वारंवारता जितकी जास्त तितकी साठवण कमी. उरतो मधला टप्पा, लूपच्या बँडविड्थच्या आजूबाजूचा. तिथे लूपचा हात पोचत नाही आणि साठवणही कमी झालेली नसते. म्हणजे परिणामाचा आलेख डोंगरासारखा असतो, माथा बँडविड्थजवळ. या मुलांच्या लूपची बँडविड्थ ५ किलोहर्ट्झ होती. कन्व्हर्टरचे दणके ६०० वरून ४० वर घसरले, म्हणजे सुरक्षित पायथ्यावरून माथ्याच्या दिशेने चढले. दिवसा एलडीओ फक्त २५ डेसिबल गाळत होता, रात्री ४०, तरीही दिवसाचे कान उणे ५९ डेसिबलवर आणि ६०० किलोहर्ट्झ लांब होते, म्हणून कुणाला टोचले नाहीत. म्हणजे 'रिपल किती मिलिव्होल्ट' हा प्रश्नच अर्धवट आहे. किती मिलिव्होल्ट, कुठल्या वारंवारतेला, आणि तिथे तुमचा लूप काय करतो, हे तिन्ही एकत्र विचारायचं असतं. एका आकड्यात सप्लायचं स्पेसिफिकेशन लिहिणारा माणूस पीएलएलचं डिझाइन करत नाही, फॉर्म भरतो.

आणि बेरीज. उष्णतेचा नॉइज यादृच्छिक असतो, त्यामुळे दोन स्रोतांच्या शक्तींची बेरीज करता येते. सप्लायचा रिपल तसा नाही. तो एकाच वेळी व्हीसीओत, रेफरन्सच्या बफरमध्ये आणि चार्ज पंपात शिरतो, एकाच तालात. हे तिन्ही रस्ते शेवटी जिथे भेटतात तिथे ते एकमेकांना वाढवतील किंवा खोडतील, आणि ते दिशेसकट जोडल्याशिवाय कळणार नाही. मी असे अहवाल पाहिले आहेत ज्यांत हे तिन्ही परके समजून वर्गाच्या बेरजेत टाकलेत. एका घरातल्या तीन माणसांना तीन घरं मोजायची, तसला प्रकार.

ख्रिस्तियान हायगेन्सने १६६५ साली दोन लंबकाची घड्याळं एकाच आधारावर टांगली आणि थोड्या वेळात ती परस्परविरुद्ध दिशांना एका तालात झुलू लागलेली पाहिली. त्याने धुक्याला दोष दिला नाही. शोध घेतला आणि लक्षात आलं की ज्या तुळईवर दोन्ही टांगली आहेत तीच सूक्ष्मपणे हलते आहे. तुमच्या बोर्डावरची ३.३ ची रेघ म्हणजे तीच तुळई आहे. तिच्यावर कन्व्हर्टर टांगलाय, मोडेम टांगलाय, प्रोसेसर टांगलाय, आणि तुमचा नाजूक व्हीसीओही तिथेच. साडेतीनशे वर्षांनंतर ती तुळई काँक्रीटची आहे असं धरून चालणाऱ्याला मी काय म्हणावं?

माहिती नव्हती ही सबब तर अजिबात नको. दे बेलसीझने फ्रान्समध्ये १९३२ साली हा लूप मांडला. फ्लॉइड गार्डनरचं पीएलएलवरचं पुस्तक १९६६ मधलं आहे. ऑसिलेटरला बसलेला एकच धक्का आवर्तनाच्या कुठल्या क्षणी बसला यावर त्याचं नुकसान ठरतं, हे हाजिमिरी आणि ली यांनी १९९८ साली गणितात बसवून दिलं. चिपच्या आतला सप्लाय हलतो म्हणून ऑसिलेटर कसा वाचवायचा, यावर नव्वदच्या दशकात माणसांनी आयुष्य घातलं. कारण तिथे प्रकरण याहून भीषण आहे. साधा रिंग ऑसिलेटर घ्या, २ गिगाहर्ट्झचा, १ व्होल्टवर चालणारा. सप्लाय १ टक्का हलला तर सूर साधारण १ टक्का हलतो. फक्त १ मिलिव्होल्टची पायरी आली की वारंवारता २ मेगाहर्ट्झ सरकते, आणि १ मेगाहर्ट्झ बँडविड्थचा लूप सावरेपर्यंत घड्याळ आवर्तनाच्या तिसऱ्या हिश्श्याने चुकलेलं असतं: ५०० पिकोसेकंदांपैकी १६०. आणि चिपच्या आत १ मिलिव्होल्ट म्हणजे काय? पॅकेजच्या तारेत १ नॅनोहेन्री असेल आणि एका नॅनोसेकंदात ०.१ अँपिअर उसळला तर १०० मिलिव्होल्ट तिथेच गेले.

मुळात बिघाड कुठे होतो ते मला ठाऊक आहे. महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेल्या माझ्या पिढीतल्या आणि नंतरच्याही बहुतेकांनी ५६५ या पीएलएल चिपचा प्रयोग केलेला असतो. लॉक रेंज काढा, कॅप्चर रेंज काढा, जर्नल लिहा, सही घ्या. त्याच चिपच्या डेटाशीटमध्ये वैशिष्ट्यांच्या यादीतच छापलेलं आहे की सप्लाय १ टक्क्याने बदलला तर व्हीसीओची वारंवारता दशलक्षात सुमारे १०० भागांनी बदलते. म्हणजे चिप बनवणाऱ्याने दाराबाहेर पाटी लावली आहे: माझा सूर सप्लायवर हलतो. प्रयोगशाळेत ही पाटी कुणी वाचून दाखवत नाही. सप्लायची खुंटी अर्धा व्होल्ट फिरवा आणि काउंटरवर बघा, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. मी शिकत होतो तेव्हा मला कुणी सांगितलं नाही आणि परवा आलेल्या तिघांनाही नाही. मधल्या काळात कॉलेजांच्या इमारती बदलल्या, फी बदलली, ऑसिलोस्कोप डिजिटल झाले. जर्नलमधला प्रयोग तोच.

आपल्याकडे हे जमत नाही, असं कुणी म्हणू नये. नारायणगावजवळ खोडदला जाऊन या. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या त्या महाकाय दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी दाटीने, बाकीच्या १६ तीन फांद्यांवर, सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत २५ किलोमीटरचं अंतर. या सगळ्यांचे संदेश एका फेजमध्ये जुळवायचे. सर्वांत वरच्या पट्ट्यात, हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झ रेषेवर फेजचा एक अंश म्हणजे २ पिकोसेकंद. तबकड्यांतले ऑसिलेटर मध्यवर्ती इमारतीतून फायबरने पाठवलेल्या एकाच रेफरन्सला लॉक करून रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं, आणि २००२ पासून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिथे निरीक्षणाची वेळ मागतात. तिथे आजूबाजूला गावं आहेत, विजेच्या तारा आहेत, त्या तारांवरच्या ठिणग्यांचा गोंगाट आहे. त्या माणसांनी तो गोंगाट शून्य धरला नाही. तो मोजला, त्याची नोंद ठेवली, तो गाळायची यंत्रणा उभारली. विजेचा गोंगाट हा यंत्राचाच भाग आहे असं मानून काम करणं म्हणजे काय, ते मराठी मुलखातच, पुण्यापासून दोन तासांवर बघायला मिळतं. मग पुण्यातली कंपनी ३.३ लिहून मोकळी होते तेव्हा तिला दुसरी कुठली सवलत द्यायची?

"वेळ नव्हता" ही सवलत मला मान्य नाही. दुरुस्तीला किती लागला सांगतो. कन्व्हर्टरची एक पिन वर बांधली की पल्स-स्किपिंग बंद होतं. व्हीसीओच्या सप्लायमध्ये १० ओहमचा रोधक आणि १०० मायक्रोफॅरडचा टँटलम कॅपॅसिटर टाकला. टँटलमचा स्वतःचा अंतर्गत रोध धरूनही ४० किलोहर्ट्झला जवळजवळ ४० डेसिबल आणखी गेले. व्हीसीओ १० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे नुकसान ०.१ व्होल्टचं. पिन तशीच ठेवून नुसता हा फिल्टर तपासला तेव्हा कान उणे ८० च्या आसपास, म्हणजे अ‍ॅनलायझरच्या तळाशी टेकले. सोल्डरिंग आयर्न तापायला लागला तेवढाच वेळ. त्याआधी अख्खा हंगाम ते धुक्याचे फोटो काढत होते. गेटवेचं अँटेना दोनदा उंच केलं, नोडची शक्ती वाढवली. जवळच्या नोडची शक्ती वाढवली की त्याच्या कानाखाली दूरचा नोड अधिकच दबतो, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या काळात पहाटेची किती तापमानं गेटवेपर्यंत पोचली नाहीत, याची यादी त्यांच्याकडे होती. त्या यादीतल्या एकेका रिकाम्या रकान्यामागे एक माणूस विसंबून झोपला होता.

मी त्यांना मॉडेलमध्ये काय हवं ते लिहून दिलं. कन्व्हर्टरचा रिपल हलक्या आणि जड अशा दोन्ही भारांना मोजलेला, डेटाशीटमधून उचललेला नाही. एलडीओच्या गाळण्याचा पूर्ण आलेख. कॅपॅसिटर ज्या व्होल्टेजला बसणार त्या व्होल्टेजची त्यांची किंमत. प्रत्येक डब्याची सप्लायला असलेली संवेदना, व्हीसीओची वेगळी, चार्ज पंपाची वेगळी, बफरची वेगळी. आणि डिव्हायडर स्वतः रेफरन्सच्या तालात सप्लायमधून जो करंट ओढतो तो, कारण पीएलएल आपल्याच सप्लायमध्ये नॉइज टाकतो आणि तोच परत खातो.

गेल्या आठवड्यात त्यांच्या पुढच्या बोर्डाचं मॉडेल ईमेलने आलं. नवीन चिप, जास्त चॅनेल, आलेख आधीपेक्षा देखणा. सप्लायच्या जागी बॅटरीचं चिन्ह आणि पुढे ३.३. मी ते न उघडल्यासारखं परत पाठवलं, आणि सोबत रात्रीच्या त्या दोन कानांचा फोटो जोडला.